घंटेचा खांब

शाळेतल्या वडाखाली पाटी लागणार आणि तिच्यावर बाबांचं नाव येणार, हे कळलं तेव्हा मी गावभर सांगत सुटले. का सुटू नये? बाबा त्या शाळेचे चपराशी. जन्मभर त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही, "ए चपराशी, पाणी आण" एवढंच. एकदा तर मोठ्या गुरुजींनी त्यांना सगळ्या शाळेसमोर उभं करून झापलं होतं. मी दुसरीच्या रांगेत होते. मान खाली घातली आणि शेजारणीला म्हटलं, "ते आमचे बाबा नाहीत." कशाबद्दल झापलं, हे घरी कधी विचारलंही नाही.

पुढे मी साकोलीला मास्तरीण झाले, निवृत्तही झाले, पण ते काही डोक्यातून जाईना. म्हणून ही पाटी मला हवीच होती. बाबांचं नाव ठळक रंगात आणि खाली 'वृक्ष लावणारे'. त्यांचं भाषणही मीच लिहिलं. दूरदृष्टी, पुढच्या पिढ्या, सगळं ठासून भरलं. मास्तरणीचा हात, आवरता थोडाच येतो!

आदल्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं. नव्वदीचा माणूस तंबाखू मळत शांतपणे ऐकत होता. मग बाबा म्हणाले, "कोणाचं हाय वं हे?"

"तुमचंच, बाबा."

"मी कवा झाड लावलं? मी त खांब गाडला होता."

शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. तो टांगायला मोठ्या गुरुजींनी सागाचा खांब आणायला सांगितला होता. बाबांना तलावाच्या पाळीवर वादळात पडलेली वडाची जाड फांदी दिसली. तीच ओढत आणली, खड्डा करून गाडली, तारेनं रूळ टांगला, झालं काम. ओली फांदी, तीही वडाची, जीव धरणारच, हे शेतकऱ्याच्या पोराला कळू नये? "घाई होती," म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. "बाबा, उद्या हे बोलू नका. पाटी रंगवून झाली आहे. तुमचं नाव पुसून टाकतील."

"पुसू दे. त्याच झाडाखाली बसून खोटं बोलू काय?"

मला असा राग आला की रात्री त्यांना नुसतं ताट वाढलं आणि तोंड फिरवून बसले.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव वडाखाली जमलं. माझं भाषण बाबांच्या खिशातच राहिलं. त्यांनी खांबाची गोष्ट सांगितली आणि पोरं खो खो हसली. खोडात अर्धी रुतलेली तार दाखवली, तर आणखी हसली. पाटीवर शेवटचा हात फिरवायला आलेला पेंटर ब्रश घेऊन उभाच होता. मला वाटलं, गेलं नाव. आताचे हेडमास्तर बिचारे ओशाळून म्हणाले, "मग झाड कोणी लावलं म्हणायचं, बाबाजी?"

"कोणीच नाही. आपल्या मनानं फुटलं. मोठे गुरुजी म्हणत, शाळेच्या खांबाले पानं शोभत नाही, तोड. मी दोन पानं तोडून बकरीले टाकत होतो अन् 'तोडलं साहेब' म्हणत होतो. एक दिवस सापडलो. साऱ्या पोरांसमोर उभं केलं मले. नोकरीवरून काढतो म्हणाले. म्हटलं, काढा. जीव धरला त्यानं, कायले तोडू?"

मला दुसरीची रांग आठवली. शेजारणीला काय म्हटलं होतं, तेही आठवलं. इतकी वर्षं मी या माणसाची लाज बाळगली, आणि ती कशासाठी, तर या सावलीसाठी! मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

बाबा पेंटरला सांगत होते, "लावलं नको लिहू गा. तोडलं नाही, एवढंच लिही."

मी उठले आणि पेंटरच्या हातून ब्रश घेतला. 'लावणारे' रंगानं बुजवलं आणि 'न तोडणारे' लिहिलं. मग माइक ओढून साऱ्या गावाला सांगितलं, "हे आमचे बाबा आहेत."

पाटी अजून आहे. अक्षर माझं आहे, जाऊन बघा.