भारोभार गूळ

भावना प्लास्टिकच्या खुर्चीत बसण्याआधी तिच्या पाठीवर हात ठेवून एकदा दाबून बघते. सहा आसनी रिक्षात मधे बसत नाही; कडेची जागा मिळेपर्यंत थांबते. फोटो काढायची वेळ आली की जवळचं एखादं लहान मूल पुढ्यात घेते, कुणाचंही. लग्नात जेवायला शेवटच्या पंगतीला बसते. हसताना बाकीच्या मुली तोंडावर हात धरतात, ती पोटावर धरते. आणि वजनकाटा दिसला की बाजू बदलते. मग तो दवाखान्यातला असो, भंगारवाल्याचा असो, नाहीतर आईचा मासळी तोलायचा असो.

काट्याचं भय तिने उगाच घेतलं नव्हतं. ते तिच्या जन्माबरोबरच आलं होतं.

ती सातव्या महिन्यात झाली. पनवेलच्या कोळीवाड्यात, खाडीच्या अंगाला त्यांचं घर. पोर काही जगणार नाही, असं जो तो म्हणाला. सोनाबाईने, म्हणजे तिच्या आईने, रडत रडत तिला मासळीच्या काट्यात ठेवलं. "जिताड्याएवढी पन भरली नाय," ती अजून सांगते. बापाने, गणूने, पोरीला कापसात गुंडाळलं, छातीशी बांधलं आणि तसाच गावदेवीपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "हिला जगव. लग्नाआधी हिच्या भारोभार गूळ वाटीन."

पोर जगली. नुसती जगली नाही, भरली. गणू खाडीवरून आला की जाळं उतरवायच्या आधी तिला उचलून बघायचा. "आज जड झाली," म्हणायचा आणि सगळ्या वाड्याला सांगत सुटायचा. जड असणं वाईट असतं, हे भावनाला शाळेत गेल्यावर कळलं.

नवस मागे पडत गेला. आधी होडी घ्यायची होती. मग होडीचं इंजिन गेलं. मग दहावीनंतर भावनाच अडून बसली.

"सगळ्या वाड्यासमोर मी तराजूत बसणार नाही."

गणू हसला. "बसशील गं बाय. घाई काय हाय?"

घाई यंदा आली. गणूच्या पोटात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खायला द्या. खायला काय द्यायचं? घास उतरत नव्हता. पातळ पेज, तीही दोन चमचे, आणि त्यातलीही अर्धी परत यायची. खाडीत वल्हं मारणारे दंड काठीसारखे झाले. गणूने एकच गोष्ट मागितली. नवसाची तुला करायची. डोळ्यांदेखत.

"करू बाबा," भावना म्हणाली. "थोडा वेळ द्या फक्त."

वेळ गणूकडे नव्हता. भावनाला तोच हवा होता. तिने कुणाला न सांगता रात्रीचं जेवण सोडलं. मग दुपारचं. साड्यांच्या ज्या दुकानात ती कामाला होती, तिथे एका गिऱ्हाइकाने बारीक व्हायची पावडर विकली. ती पाण्यात कालवून प्यायची. लोकांसमोर पारड्यात बसायचंच असेल, तर समोरचा गुळाचा ढीग निदान चारचौघींएवढा दिसावा, एवढंच तिला हवं होतं. नवरात्रात म्हणाली, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणाली, थंडी पडू दे.

गणूचा चुलतभाऊ तुळशीराम एक दिवस बर्फाच्या कारखान्यातला जुना तराजू टेम्पोत घालून घेऊन आला. अंगणात उतरवला. बायका जमल्या. तुळशीरामने लोखंडी पारड्याकडे बघितलं, मग दारात उभ्या भावनाकडे.

"गणूदा, ह्यात बकरी बसंल. तुझी पोर नाय बसायची."

बायका हसल्या. सोनाबाई ओरडली, "तुज्या तोंडात शेण! सोताची ढेरी बघ आधी!" त्यावर बायका आणखी हसल्या. भावना आत गेली आणि मोरीचं दार लावून घेतलं. बाहेर बाप बोलत होता. आवाज बारीक, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"पारडं लहान हाय, तर पारडं बदलायचं. त्यात हसायला काय झालं? मी इनतो."

आणि खरंच विणायला बसला. जाड दोर मागवला, बांबूची सुई काढली. ओटीवर एक लोखंडी कडी होती. भावनाचा पाळणा तिलाच टांगलेला असायचा. त्या कडीला दोर बांधून गणू उशीला टेकून जाळं विणू लागला. माणूस बसेल असं जाळं. एक ओळ झाली की धापा टाकत पडून राहायचा, मग पुन्हा सुई हातात. सोनाबाई म्हणायची, "अवो, जीव चाललाय तुमचा." तो म्हणायचा, "चाललाय तर चाललाय. हात हाय ना."

"बाय, जरा बसून दाव," तो भावनाला म्हणाला. "रुंदी बघतो."

"नको."

"उभी तरी ऱ्हा."

"बाबा, नको ना. अजून कमी व्हायचंय."

"काय कमी व्हायचंय?"

ती आत निघून गेली. गणूने आपलेच दोन्ही हात पसरले, पोरीला कवेत घेतल्यासारखे, आणि त्या मापाने विणत राहिला.

दुकानात कीर्ती नावाची एक सडपातळ मुलगी होती. गिऱ्हाइकांसमोर साडी नेसून दाखवायला मालक तिलाच उभी करायचे. भावना मागे, घड्या घालायला. त्या आठवड्यात कीर्ती म्हणाली, "किती बारीक झालीस गं! काय करतेस? मला पण सांग." मालकांनीही बघितलं. म्हणाले, "भावना, आज तू ये पुढे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने जांभळी साडी खांद्यावर घेतली, आरशात बघितलं. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी तिला आनंद झाला. हे घरी जाऊन सांगायचं, असं तिने ठरवलं. बाबांना सांगायचं, की आता चालेल. आता बसते.

संध्याकाळी ती ओटीवर गेली, बापाच्या उशाशी बसली. "बाबा, आज मालकांनी मला पुढे उभं केलं."

गणूने तिचा हात हातात घेतला. बांगडी वर सरकवली. ती थेट कोपरापाशी गेली. त्याने ती खाली आणली, पुन्हा सरकवली. मग त्याचा चेहरा वाकडा झाला. बाप रडताना तिने कधी पाहिला नव्हता. तिला आधी वाटलं कळ आली.

"आय, गोळी आण!"

"गोळी नको," गणू म्हणाला. "देवी परत नेतेय गं तुला. मी नवस फेडला नाय ना. दिलेलं परत नेतेय ती. चिमट्या चिमट्यानं."

"बाबा, देवी नाही. मीच. मीच जेवत नाही."

गणूला ते समजेना.

"तू?" तो म्हणाला. "मला खाता येत नाय म्हनून मी मरतोय. तुला येतंय. आनि तू खात नाय?"

आईने न विचारता ताट आणलं. भात आणि बोंबलाचं कालवण. तिने तिथेच, बापासमोर, मांडी घातली. पहिला घास पाण्याबरोबर उतरवला. गणू टक लावून बघत होता. दुसऱ्या घासाला तिच्या लक्षात आलं, त्याचेही ओठ हलत होते. तिच्या तोंडाबरोबर तो रिकामाच चावत होता. तिने आणखी भात मागून घेतला. रडत होती आणि जेवत होती. एक शीत ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या जाळ्यात बसली. सोनाबाई म्हणाली, "कडी धरील ना?" गणू म्हणाला, "माज्या बापानं ठोकलीय ती." कडी कुरकुरली. दोर ताणला गेला, गाठी घट्ट झाल्या. जाळ्याने तिला धरलं, सगळीच्या सगळी. तिचे पाय जमिनीवरून सुटले. असं कुणी उचलून घेतल्याला किती वर्षं झाली होती, ते तिला आठवेना.

मंगळवार ठरला. देवीचा वार. तुळशीराम दारात येऊन म्हणाला, "गूळ किती आनू?" त्याने विचारलं सोनाबाईला. सांगितलं भावनाने. उंबऱ्यात उभी राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आकडा, एक किलोही न चोरता.

"बाजारातला गूळ संपंल गं पोरी."

"संपू दे, काका. पेणहून आणा."

आत गणू खोकल्यासारखा आवाज काढून हसला.

पण त्याच्या बोटांतली ताकद गेली होती. सुई सुटायला लागली. मग त्याने ती भावनाच्या हातात दिली. तो सांगायचा, ती विणायची. दोर फासातून वर घे, मागून फिरव, ओढ. ती ओढायची. गाठ पुरेशी बसली की तो म्हणायचा, "हां." मगच पुढची. रविवारी दिवसभर घरात तेवढाच आवाज होता. हां. हां. मधे ती उठून जेवून आली, तेव्हाही त्याने विचारलं, "किती खाल्लंस?" तिने सांगितलं. "हां," तो म्हणाला.

सोमवारी दुपारी दोन रांगा उरल्या होत्या. भरतीचं पाणी खाडीत वर चढत होतं. गुळाच्या ढेपा गोणपाटावर भिंतीशी लावलेल्या, घरभर गोड वास. भावनाने सुई फासातून वर घेतली, मागून फिरवली, ओढायला लागली. आणि थांबली. तो सांगेल म्हणून थांबली.

"बाबा, बास?"

दोर तिच्या बोटांत ताणलेला होता. तिने मान वळवली नाही. मान न वळवता पुन्हा विचारलं.

सुतक फिटून आता बरेच दिवस झाले. तुळशीराम दोनदा येऊन विचारून गेला, तराजू परत नेऊ की ठेवू. सोनाबाई म्हणते, ठेव. ढेपांना मुंग्या लागू नयेत म्हणून तिने भोवती हळदीची रेघ ओढली आहे; ती पुसट झाली की नवी ओढते. दुकानात भावना पुन्हा मागे घड्या घालते. दोन्ही वेळा जेवते. संध्याकाळी घरी आली की ओटीवर जाते आणि सुई हातात घेऊन बसते.

जाळं कडीला तसंच आहे. कडेच्या दोन रांगा राहिल्या आहेत, आणि एक गाठ, अर्धी ओढलेली.