घाटातला पिवळा दिवा

आमचं गाव राजूर घाटाच्या पायथ्याशी आहे. आमच्या बुढ्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, दोन्ही किडन्या गेल्या, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला डायलिसिससाठी वर बुलढाण्याला न्यावं लागतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की दम लागतो. एसटीत उभं राहणं त्याला आता जमत नाही. म्हणून पोराने जुनी पेट्रोलची गाडी घेतली. बुढा त्या गाडीवर जगतो, असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्यांदा दिवा लागला तो घाटातच. स्टिअरिंगच्या मागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जोरच गेला. दुसऱ्या वळणावर ती बैलगाडीच्या चालीने चढू लागली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. बुढा मागच्या सीटवर आडवा होता, मी त्याचं डोकं धरून बसले होते. कसेबसे पोचलो. उशीर झाला म्हणून त्याला त्या दिवशी चारऐवजी तीनच तास मशीन मिळालं. पुढचे तीन दिवस त्याच्या पायांची सूज उतरली नाही.

बुलढाण्याच्या मिस्त्रीने गाडीला बिघाड दाखवणारं मशीन लावलं आणि एक सेन्सर गेला म्हणून सांगितलं. तो बदलला, दिवा विझला. महिन्याने पुन्हा लागला. त्याने आणखी काहीतरी बदललं, पुन्हा विझला, पुन्हा महिन्याने लागला. चौथ्या वेळी मिस्त्रीही कंटाळला होता. मशीन जे दाखवतं ते मी बदलतो, याच्यापुढे मी काय करू, असं तो पोराला म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मीही थकले होते. शुक्रवार संपला की मंगळवारचा घोर सुरू व्हायचा.

शेजारीण म्हणाली, गाडीला नजर लागली आहे, भगताकडे न्या. पोरालाही ते पटायला लागलं होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण कॅलेंडर वाचता येतं. बुढ्याच्या डायलिसिसच्या दिवशी मी पेन्सिलने फुली मारते. ज्या दिवशी दिवा लागला, त्या फुलीभोवती गोल केला होता, मिस्त्रीला सांगायला बरं पडावं म्हणून. चौथ्या गोलानंतर मी मागची पानं उलटली. प्रत्येक गोल अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांवर होता.

शेजारणीला दाखवलं तर ती खूश झाली. तिचं म्हणणं खरंच ठरलं ना. मी तिला म्हटलं, अमावस्या साऱ्या गावाला येते, तुझ्या पोराची फटफटी तर कधी बंद पडत नाही. ती फुगून निघून गेली.

मग मी विचार केला, अमावस्या काही करत नाही, पण अमावस्येला आपण काय करतो? आमच्याकडे त्या दिवशी गाडी धुतात, नारळ फोडतात, लिंबू-मिरची बांधतात. पोरगा आधी बादलीने वरवर धुवायचा. मग आमच्या लिंबाच्या बागेसाठी फवारणीचा गनवाला पंप आणला आणि त्या अमावस्येला त्याने बोनेट उघडून इंजिनही धुतलं. त्यानंतरच पहिला दिवा लागला. त्याला वाटलं, पूजेत काही कमी पडलं. म्हणून दर वेळी जास्त धुवायचा. मी ओट्यावर बसून बघायची आणि मलाही वाटायचं, पोरगा बापासाठी किती करतो.

संध्याकाळी जेवताना त्याला सांगितलं. तो हसला.

"माय, मिस्त्रीनं मशीन लावली. मशीनले समजलं नाही अन् तुले समजलं?"

"मशीनले कोणी सांगितलं का, तू इंजिनावर पंप मारतं म्हणून?"

मिस्त्रीला हे कोणीच सांगितलं नव्हतं. गाडी मिस्त्रीकडे नेताना पुसून, हळद-कुंकू लावूनच न्यायची, त्यामुळे तो तरी कसा विचारणार?

मंगळवारी मी स्वतः मिस्त्रीसमोर उभी राहिले. त्याने ऐकलं, कपाळाला हात लावला आणि सेन्सरच्या वायरीचा जोड ओढून काढला. आत हिरवं चढलं होतं, न घासलेल्या तांब्याच्या गडव्यावर चढतं तसं. आत पाणी जायचं. दर वेळी वस्तू बदलताना मिस्त्री हा जोड वरवर पुसून बसवायचा, म्हणून पुढच्या धुण्यापर्यंत चालायचं. चांगल्या वस्तू उगाच बदलल्या गेल्या. त्याने जोड नवा टाकला.

"काकू, नारळ फोडा, हार घाला. फक्त आत पाणी मारू नका."

पुढच्या अमावस्येला पोराने तोंड पाडून ओल्या फडक्याने गाडी पुसली. नारळ चाकापुढे फोडला. बोनेट उघडलं नाही. शेजारीण फाटकातून बघत होती.

त्यानंतर दोन अमावस्या झाल्या. दिवा लागला नाही. पण घाट सुरू झाला की बुढा अजूनही मागून विचारतो, "लागला का व?"

मी मागच्या सीटवरून वाकून बघते. नाही लागला, म्हणते. पुढच्या वळणावर तो पुन्हा विचारतो आणि मी पुन्हा वाकते. घाटात वळणं पुष्कळ आहेत. माझी कंबर दुखते.