सातवं नाव

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, चहा निवायची वाट कधी बघत नसत. कप हातात आला की बशीत ओतायचे, फुंकर मारल्यासारखं करायचे आणि तोंड पोळून घ्यायचे. एसटी थांबायच्या आधी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरणाऱ्यांत इंदापूर तालुक्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा गडबडीत त्यांनी टॉवेल टाकला तो अकलूजच्या गाडीत, आणि आम्ही चढलो बारामतीच्या. आम्ही उभ्यानं बारामतीला गेलो, टॉवेल बसून अकलूजला गेला.

असा माणूस माझ्या आजारपणाला जुंपला गेला, ते नव्वदच्या दशकाच्या मधलं एक वर्ष होतं.

मी तेव्हा लोणी भापकरच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत बाई होते. पहिलीच नोकरी. दुसरीचा वर्ग, बेचाळीस मुलं. दिवाळीनंतर मला काय झालं ते आजही धड सांगता येत नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. एखादा प्रेमभंग तरी असता तर लोकांना सांगायला बरा पडला असता. तसं काहीच नसताना सगळं जड व्हायला लागलं. वेणी घालणं जड, घास चावणं जड. एका सकाळी हजेरी घेताना सातव्या नावाशी माझा आवाजच थांबला. नाव समोर लिहिलेलं, ती मुलगी समोर बसलेली, पण तोंड उघडेना. मुलं वाट बघत राहिली. शेवटी ती मुलगीच हळूच ‘हजर’ म्हणाली. मी हजेरीपत्रक मिटलं आणि खुर्चीवर बसून रडले.

हेडमास्तरांनी रजेचा अर्ज स्वतः लिहून माझी सही घेतली. तात्या आले आणि मला गावी, वरकुट्याला घेऊन गेले. आपण पुन्हा त्या बेचाळीस मुलांसमोर उभं राहू शकू का, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. उत्तर दर वेळी ‘नाही’ असंच यायचं.

गावात कुणी आजारी पडलं की लोक समाचाराला येतात. बिस्किटाचा पुडा आणतात आणि दुखणं बघून जातात. पण बघायला काहीतरी लागतं. प्लास्टर, सलाईन, निदान टाके. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

“कुठं दुखतंय गं?”

“कुठं न्हाय.”

“मग निजलीयास कशापायी?”

चार दिवस हे ऐकून आईनं वैतागून माझ्या डाव्या पायाला फडकं गुंडाळलं आणि पाय मुरगळलाय म्हणून जाहीर केलं. लोकांचा जीव भांड्यात पडला. हळद लाव, आंबेहळद लाव, तिंबलेली कणीक बांध, असे सल्ले सुरू झाले. पुढच्या आठवड्यात आईनं घाईत फडकं उजव्या पायाला बांधलं. शेजारच्या काकूंनी ते बरोबर हेरलं.

“आं? दुखणं सरकलं व्हय?”

“सरकतंय,” आई म्हणाली. “वाईट हाय ते.”

तात्यांना मात्र हे सोंग पटलं नाही. ते मला बारामतीला एसटी स्टँडमागच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. पांढरे केस, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं कमी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, “गोळीचा गुण यायला चार-सहा आठवडे जातील. पूर्ण बरं व्हायला त्याहून पुष्कळ जास्त. मधेच परत घसरल्यासारखंही वाटेल. घाई करायची नाही.”

घाई करायची नाही, हे त्या कुणाला सांगत होत्या ते त्यांना माहीत नव्हतं.

पहिली गोळी घेऊन मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, तेवढ्यात तात्यांनी विचारलं, “फरक पडला का?” दुपारी विचारलं. जेवताना विचारलं. दुसऱ्या दिवशी बांधावरून हाक मारून विचारलं, ते चार शेतांत ऐकू गेलं. पंधरा दिवसांत त्यांनी किती वेळा विचारलं याला गणती नाही, आणि प्रत्येक वेळी ‘न्हाय’ म्हणताना मला वाटायचं, आपण ह्यांचा अपराधच करतोय.

मग त्यांनी ते केलं जे फक्त उसाच्या मुलखातला माणूसच करू जाणे.

आमच्याकडे ऊस तयार झाला तरी तोडायला टोळी कधी येणार ते कारखान्याच्या यादीवर ठरतं. यादीत ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधीची, त्याचा नंबर आधी. पण कुणाला दम नसतो. मग संचालकांच्या घरी जायचं, तासभर ओट्यावर बसायचं आणि चिठ्ठी आणायची, की ह्यांची तोड लवकर द्यावी. तात्यांनी उभ्या आयुष्यात कुठलंही काम ह्याच रस्त्यानं केलेलं. तर ते गेले संचालकांकडे. काय बोलणं झालं देव जाणे, पण पुढच्या खेपेला दवाखान्यात माझ्या आधी आत शिरून त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. मी मागून वाचली. वर कारखान्याचा शिक्का, खाली झोकदार सही, आणि मधे:

‘पत्र घेऊन येणारे आमचे जुने सभासद आहेत. त्यांच्या मुलीस लवकर बरे करून सहकार्य करावे.’

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा पुसला. मग ती उलटी करून मागच्या बाजूला सावकाश लिहिलं आणि तात्यांच्या हातात दिली.

‘शिफारस पावली. नंबर पहिलाच लावला आहे. परंतु ऊस अजून लहान आहे. वेळच्या वेळी पाणी द्यावे. रोज उपटून मूळ बघू नये.’

तात्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. परतीच्या एसटीत निमगाव केतकी आल्यावर त्यांनी ती पुन्हा उघडून वाचली. मग म्हणाले, “बाई हुशार हाय. तिला लागणीतलं कळतंय.”

त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. म्हणजे केलं असं त्यांचं म्हणणं. सवय कुठली जायला! माझ्या खाटेपाशी यायचे, “फर...” इथपर्यंत तोंडातून निघायचं, मग चिठ्ठी आठवायची आणि ते वाक्य कसंबसं संपवायचे, “फरसाण हाय का घरात?” त्या हिवाळ्यात आमच्या घरात जेवढं फरसाण आलं तेवढं लग्नाकार्यातही आलं नसेल.

होळीच्या सुमारास एका दुपारी ते वही घेऊन आले. पट्टीनं रकाने आखलेले, वर मोठ्या अक्षरात ‘हजेरी’. आमच्या घरात एके काळी मोठा कळप होता, आता हौसेपुरती चार मेंढरं उरलेली. ती चार, दोन शेळ्या, एक म्हैस, कोंबडा, आई आणि ते स्वतः, असा दहा जणांचा पट. जनावरांना नावं नव्हती, म्हणून तात्यांनी लिहिलेलं: म्हस. काळी शेळी. कानतुटकी शेळी.

“घ्या बाई हजेरी,” ते समोर मांडी घालून बसले.

“तात्या, उगं काय तरी.”

“मी हितंच बसतो. कवा घ्यायची ती घ्या.”

मी “म्हस” म्हटलं. तात्या खर्जात “हजर!” म्हणाले. “काळी शेळी.” तात्यांनी बारीक, कापऱ्या आवाजात “हज्जॅर!” केलं. तिसऱ्या नावाशी माझा आवाज परत थांबला. तात्या बसून राहिले. लिंबाची सावली माझ्या खाटेवरून सरकत गोठ्यापर्यंत गेली तरी हा माणूस हलला नाही. मग त्यांनी वही मिटली. “ऱ्हाऊ दे. उद्या.”

उद्या मी चारपर्यंत गेले. परवा तोंडच उघडलं नाही. कधी सहा, कधी परत दोन. तात्या रोज मांडी घालून बसायचे. एका रविवारी पाहुणे आले आणि दुसऱ्या दिवशी मी “कोंबडा” म्हटल्यावर तात्या गंभीर चेहऱ्यानं उठले, लाल पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, ‘गैरहजर. कालवण.’

मला हसू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, मी हसतेय बघून तीही हसली आणि मग आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. तात्या तोंड फिरवून गोठ्याकडे गेले आणि म्हशीला उगीचच ओरडले.

आता इथं मी बरी झाले असं लिहायला हवं. झाले नाही. आठवड्याभरानं परत घसरले. जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी साडी नेसून फाट्यापर्यंत गेले. एसटी आली, तात्यांचा टॉवेल खिडकीतून आत गेला, आणि माझे पाय उचलेनात. तात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. गर्दीतून आत शिरले, टॉवेल उचलला आणि कंडक्टरला म्हणाले, “मास्तर, आमचं आज न्हाय.” घरी येईपर्यंत त्यांनी मला काही विचारलं नाही. फरसाणाचंसुद्धा.

मी शाळेत गेले ती पुढच्या दिवाळीनंतर. वर्ष झालं होतं. माझा वर्ग तिसरीत गेलेला, मुलं तीच. तात्या फक्त सोडायला म्हणून आले आणि शाळेबाहेरच्या बाभळीखाली दगडावर बसले. हेडमास्तरांनी त्यांना चहा पाठवला, तो मला खिडकीतून दिसला.

मी हजेरीपत्रक उघडलं. एक, दोन, तीन. सहा झाली. सातव्या नावावर बोट ठेवलं आणि पुढं आवाजच निघेना. मुलांना मागचं आठवत असावं, कारण कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, संपलं, आपण परत फाट्यावर.

तेवढ्यात बाहेरून, बाभळीखालून, बारीक कापऱ्या आवाजात आलं, “हज्जॅर!”

काळी शेळी. हुबेहूब.

वर्गात हशा उसळला. ती सातवी मुलगी लालबुंद होऊन उभी राहिली. “बाई, मी हितं हाय की! ते बाबा खोटं बोलत्यात!”

मी टेबलाला धरून हसले. मग डोळे पुसले आणि तिचं नाव मोठ्यानं घेतलं. ती त्याहून मोठ्यानं “हजर” म्हणाली, खिडकीकडे बघून. मग आठवं, नववं. कुठं अडखळले, पण थांबले नाही. बेचाळिसावं नाव घेऊन मी हजेरीपत्रक मिटलं आणि बाहेर बघितलं.

चहाचा कप तात्यांच्या शेजारी दगडावर तसाच होता. वर जाड साय धरलेली. तात्यांनी तो आता उचलला आणि तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.