वत्सलाचा तेरडा

रोह्याच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला, "आई, आत्या गेली." पावसाने उघडीप दिली होती, म्हणून मी तिच्याच झाडांना पाणी घालत होते. उरलेला वाफा भिजवला, मग घरात आले.

वत्सला माझी नणंद. लग्न केलं नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. डोळ्यांचं काम मालक दुसऱ्या कुणाला देत नसे. पण बूड स्थिर नाही. ऐन हंगामात ब्रश टाकून खाडीच्या बांधावर गवत बघत बसायची. शेवटी काम सोडून आमच्याकडे खांब गावी आली आणि परसात बांबू रोवून हिरव्या जाळीची शेड उभी केली. आत काय, तर तेरडा, कुरडू, नेचे... आम्ही उपटून फेकतो ते. दिवसभर घामाघूम होऊन त्यांचीच चित्रं काढायची.

"भाजी तरी लाव गो," मी म्हणायचे.

"भाजीला तू हायस, वैनी. ह्यांना कोण हाय?"

आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळासकट आणायची, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. वर कागदावर रंगवलेला चेहरा बांधायचा. गावातल्या गौरींचे चेहरे वत्सलाच रंगवायची. एका वर्षी तिने अख्खी गौर रंगवली, पायांच्या जागी चिखलाची मुळं. बायका हसल्या, "हिला पैंजण कुठं घालायचे गो?" पुढच्या वर्षी त्याच बायका तसलीच गौर मागायला आल्या. तिने दिली. शेडमधला तेरडा मात्र कुणाला उपटू दिला नाही. "माळावरचा न्या," म्हणायची.

यंदा आमच्या घरात सण नाही. तरी बायका दारात आल्या. माळावर कुणी तणनाशक मारलंय, तेरडा उरला नाही. शेडमध्ये मात्र दाट उभा. मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले... ती नायच म्हणाली असती. पण गावात गौर नाही म्हणजे काय? पहिलं रोप मीच उपटलं.

"न्या. मुळं तोडू नका."

ओढताना पिकली बोंडं फटाफट फुटत होती, बी चहूकडे उडत होतं. एकीच्या डोळ्यात गेलं. "वत्सूआत्या चिडली वाटतं," ती म्हणाली.

बरोबर केलं का, अजून ठरत नाही. मुलगा म्हणतो, शेड मोडू. पुढच्या पावसापर्यंत जाळीला हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलंय. घरात बसवत नाही, दिवसातून कितीदा तरी तिकडे जाते. चपला बाहेर काढते. बी बारीक आहे, पायाखाली कुठे आलं ते दिसत नाही.