चहा की ताक?

“येऊ का?” स्वतःच्याच आश्रमातल्या खोलीत शिरताना बाई चौकटीवर टकटक करून विचारायच्या. आत असायची घरच्या माराला कंटाळून आलेली कुणीतरी. तिचं “या” येईपर्यंत या अधीक्षिका बाहेर उभ्या.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी नवा वकील. अशील नसल्यामुळे समाजसेवेला भरपूर वेळ. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या या महिला आश्रमात फुकट सल्ला द्यायला जायचो. काळा कोट घालून. एप्रिलातसुद्धा.

एका दुपारी गंगव्वा आली. अक्कलकोटकडची, कान सुजलेला. बाईंनी तिला दाराजवळची खुर्ची दिली आणि दार सताड उघडं ठेवलं. आता सोलापूरच्या झळा तुम्हाला ठाऊक आहेत. अशा वेळी शहाणा माणूस दारं लावून बसतो. मीही शहाणा. उठलो, दार लोटलं, कडी घातली.

वळून पाहतो तर खुर्ची रिकामी. गंगव्वा कोपऱ्यात, दोन्ही हात डोक्यावर. कडी वाजल्यावर तिच्या घरी काय व्हायचं, ते त्या हातांनी सांगितलं.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि तिच्यापासून लांब, जमिनीवर बसल्या. “वकीलसाहेब, तुम्ही लिंबाखाली बसा. गार असतं तिथं.”

बसलो. गार नव्हतं.

“काय झालं?” असं बाईंनी तिला कधीच विचारलं नाही. गंगव्वा आश्रमातच राहू लागली, तिला रोज भलतंच विचारायच्या. “गंगव्वा, चहा की ताक?”

“तुमी द्याल ते.”

“पिणार तू. चहा की ताक?”

गंगव्वा रडकुंडीला यायची. “दार उघडं की बंद?” हेही रोजचंच. त्याचं उत्तर मात्र ठरलेलं: “उघडं.”

“बाई, एवढी उलटतपासणी कोर्टातही नसते,” मी म्हणालो.

“हिला आजवर कुणी काही विचारलेलंच नाही. सवय नको का व्हायला?”

मग एक दिवस नवरा आला. सोबत सासू, गावचे दोन पंच आणि खण-नारळ. ओटी भरली की मागचं सगळं मिटलं, अशी रीत.

“चल गं,” सासू म्हणाली. “नवरा हाय, मारनारच की. लोकं हसायलेत.”

मला समेटाचा वास आला. घसा खाकरून मी सुरू केलं, “घरातला प्रश्न घरातच...” बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मी तोंड मिटलं.

नवऱ्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला. गंगव्वाचे हात डोक्याकडे निघाले.

बाईंनी त्या पायाकडे पाहिलं. “विचारलंत का तिला?”

पाय मागे गेला. तो निघाला मात्र नाही. चौकट धरून उभा राहिला. बाई गंगव्वाजवळ गेल्या, तिला हात न लावता, रोजच्याच आवाजात म्हणाल्या, “गंगव्वा, दार उघडं की बंद?”

सासूने नारळ छातीशी धरलेला.

“तुमी...” गंगव्वा थांबली. हात खाली आले. “बंद.”

बाई पुढे झाल्या.

“तुमी नगा. मी लावते.”

नवऱ्याने बोटं काढून घेतली. कडी तिने स्वतः घातली. बाहेर बराच वेळ शिव्या चालल्या, दारावर थापा पडल्या. आत आम्ही घामाने निथळत उभे. आवाज थांबल्यावर गंगव्वा म्हणाली, “ताक.”

कुणी विचारलं नव्हतं.

पुढे ती आश्रमाच्या स्वयंपाकघरातच राहिली. बाई गेल्याचं कळलं त्या दुपारी मी धावत पोचलो, तर गंगव्वा त्यांच्या खोलीच्या चौकटीवर टकटक करत होती. “येऊ का?”

दार उघडंच होतं. आतून “ये” आलं नाही, म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी. तिच्यामागे मीही.