आधी हत्यार करावं लागंल

भावजींना एखादं काम सांगितलं की ते हमखास दुसरंच काही करायला बसत. रहाटाचा आस झिजलाय, एवढंच सांगायला शेजारी येई. भावजी तो आस उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "हुईल की. पण आधी हत्यार करावं लागंल." मग चार दिवस हत्याराचं चाले, आणि त्या हत्याराला आकार द्यायला आणखी एक लागे त्याचे दोन दिवस वेगळे. तोवर शेजाऱ्यानं दुसरीकडून आस आणून पाणी ओढायला सुरुवात केलेली असे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी तिथला पायानं चालवायचा जुना खराद, म्हणजे लेथ, मोडीत निघाला. तो यांनी बैलगाडीत घालून आणला, नोकरी सोडली आणि आमच्या पडवीत ठाण मांडलं. खरादाबरोबर लोखंड कापायची हत्यारं काही आली नाहीत. ती परभणीला तयार मिळत, पण भावजींपुढं हे बोलायची सोय नव्हती. "इकतचं हत्यार म्हंजे परक्याचं पोर, वैनी. सांगितलेलं ऐकत न्हाई." मग घरात तुटक्या कानशी आणि मोटारीच्या स्प्रिंगांचे तुकडे जमायला लागले, आणि अंधारात पाय ठेवायची चोरी झाली.

हत्यार भट्टीत लाल करायचं आणि तेलात बुडवायचं. तेल कुठलं? माझ्या स्वयंपाकघरातलं, करडईचं. मग ते घासून पुन्हा जरासं तापवायचं आणि रंगावर नजर ठेवायची. गव्हाच्या काडीसारखा पिवळा आला की थांबायचं, निळा झाला की हत्यार मऊ पडलं. माझी भाकरी तव्यावर असताना नेमकी हाक येई, "वैनी, पळा, रंग आलाय बघा!" मी पिठाच्या हातानं जाईपर्यंत पिवळ्याचा निळा झालेला असे आणि दोष माझा. "तुमी उशीर केलात," असं वर ऐकून घ्यायचं आणि आत येऊन करपलेली भाकरी उलटायची.

हे गेल्यापासून सासूबाई, भावजी आणि मी, तिघांचं घर माझ्या शिवणयंत्रावर चालत होतं. दिवाळीच्या चोळ्या-झबल्यांची कापडं येऊन पडली होती आणि ऐन नवरात्रात यंत्राखालची शटल हलवणारी दांडी तुटली. करंगळीएवढी वस्तू. सकाळच्या गाडीनं परभणीला गेलं की संध्याकाळी काम सुरू. पण भावजींना हा अपमान वाटला. "घरात खराद असताना दुकानात जाता व्हय?" दांडीला बारीक खाच पाडायची होती, म्हणून पातळ हत्यार हवं. पहिलं तेलात तडकलं. दुसरं मऊ पडलं. बायका रोज दारात उभ्या राहत, दोघींनी तर कापड परत नेलं. अष्टमीला भावजी नाचतच आत आले, "जमलं, वैनी! काय पोलाद हाय तुमच्या माहेरचं!" मी धावत चुलीपाशी गेले. विळीच्या पाटाला पातं नव्हतं.

म्हटलं, विळी गेली तर गेली, उद्या सकाळी दांडी तरी होईल. सकाळी बघते तर ते हत्यार पाटावर, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. खंडेनवमी! "आज हत्याराला हात लावत नसतेत, वैनी. उद्या दसरा. परवा बघू." त्यावर मी जे बोलले ते सासूबाईंनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तशीच तावातावानं स्टेशनवर गेले. परभणीच्या दुकानातही पूजाच चालली होती, पण दुकानदारानं एका हातानं फूल वाहिलं आणि दुसऱ्या हातानं दांडी काढून दिली. दिवेलागणीला माझं यंत्र चालू झालं.

भावजी पडवीत बसून आवाज ऐकत होते. "चांगलं झालं," एवढंच म्हणाले. दसऱ्यानंतर त्यांनी आपली दांडी पुरी केली आणि फडक्यात गुंडाळून ठेवून दिली. मग एक दिवस न सांगता परभणीला गेले आणि माझ्यासाठी नवी विळी, स्वतःसाठी दुकानातली तयार हत्यारं घेऊन आले. लोकांची कामं वेळेत व्हायला लागली. तेल जागेवर राहू लागलं. भाकरी करताना कुणी हाक मारीना. हेच तर मला इतकी वर्षं हवं होतं, आणि आता ते मला सोसवेना. भावजी खाली मान घालून जेवत आणि उठून जात.

दिवाळी झाल्यावर मीच म्हटलं, "भावजी, दुकानातली दांडी लय खडखडायलीय. तुमची बसवून बघा की."

त्यांनी यंत्राचं चाक हातानं फिरवलं, कान देऊन ऐकलं. काही खडखडत नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि त्यांनाही कळलं. चाक सोडून म्हणाले, "हां, खडखडायलीय खरी." आणि फडकं आणायला आत गेले.

तीन वर्षांनी हिवतापानं भावजी गेले. खराद जिंतूरच्या एका मिस्त्रीनं नेला. त्यांची दांडी अजून यंत्रात आहे आणि ती मात्र खरोखरच खडखडते, बसवली त्या दिवसापासून. शिवायला येणाऱ्या बायका विचारतात, "बाई, तुमची मशीन इतकी का वाजायलीय?" परभणीची दांडी यंत्राच्या खणात आहे, बदलायला पाव तास पुरे. एवढा खटाटोप करून माणसानं शेवटी हे असं करून ठेवावं! कितीदा तरी चिडून पेचकस हातात घेते. आणि ठेवून देते.