सीटवाल्या काकूंचा होकार

सीटवाल्या काकूंना गाडी कळायची ती बसायच्या जागेवरून. माणूस गाडीत बसतो म्हणजे सीटवर बसतो, बाकी इंजिन-चाकं ही सगळी सीट इकडून तिकडे न्यायची सोय, असं त्या म्हणायच्या. ऐकणारे हसायचे. काकू हसायच्या नाहीत, कारण त्यांना खरोखरच तसं वाटायचं.

सव्वीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांची सीट-कव्हरं शिवली. नवरा पुढे गिऱ्हाइकाशी बोलायचा, फोम कापायचा, आणि काकू दुकानाच्या मागच्या खोलीत जाड सुईच्या मशीनवर. रेक्झीन उन्हाळ्यात हाताला चिकटायचं, थंडीत पत्र्यासारखं ताठ व्हायचं. शेकडो गाड्यांना त्यांचा टाका बसला, पण त्यातल्या एकीतही त्या कधी बसल्या नाहीत. दुकान बंद झालं की दोघं नवरा-बायको चालत घरी.

रोज सकाळी देवापुढे हात जोडून काकू एकच मागायच्या, माझ्या मुलाला अशा गाडीत बसव. स्वतःसाठी मागायचं सुचलंच नाही. देवाचंही शिंप्यासारखं असतं. सांगितलेल्या मापाचंच शिवून देतो. दोन बोटं कापड आत सोडा हो, हे आपण सांगायचं असतं.

देवाने माप चुकवलं नाही. वडील गेल्यावर मुलाने दुकानाचा कारखाना केला, बसगाड्यांच्या सीटांची कामं मिळवली, आणि पाच वर्षांपूर्वी दारात गाडी आणली. उंच, काळी, मागून कपाटासारखी चौकोनी. लोक तिच्या ताकदीचं आणि वेगाचं कौतुक करायचे. घरातल्या बायकांना मात्र तिचा मागचा दरवाजा आवडायचा, आणि त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी काकू न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला आणि चाकाच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. ती खुर्ची, चाकं न काढता, नुसती मिटून त्या मागच्या दारातून सरळ आत जायची.

म्हणून गुरुवार होता.

गुरुवारी दुपारी सून गाडी काढायची आणि काकूंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायची. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात होत्या. मूलबाळ नाही, आणि आठवण पार विरून गेलेली. सकाळी काय खाल्लं ते आठवेना, नवऱ्याचं नाव आठवेना. समोर बसलेल्या काकूंचा चेहराही ओळखू यायचा नाही. पण काकूंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मशीनची सुई त्या बोटातून आरपार गेली आणि आत तुटली. नवरा बाहेर होता. ताई सहज भेटायला आल्या होत्या, त्यांनीच पक्कड घेऊन ती ओढून काढली होती. गुरुवारी काकूंनी हात पुढे केला की ताई ते नख चाचपायच्या. दोन-तीन वेळा अंगठा फिरवायच्या आणि मग डोळ्यांत ओळख यायची.

“दुखतंय का गं अजून?”

“नाही ताई. कधीच बरं झालं.”

“मग बस. रडू नकोस.”

तिथून पुढचा तासभर ताई बहीण असायच्या. आश्रमातली सेविका म्हणायची, “आजी, आठवडाभर या कोणाशी शब्द बोलत नाहीत. तुमचा हात आला की बोलतात.”

आता त्या काळ्या गाडीला काही झालं नव्हतं. रंग तसाच, आवाज तसाच. पण कारखान्याला कापड पुरवणाऱ्याने नवीन मॉडेल घेतलं, आणि एका बैठकीला दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. मुलगा घरी आला तो तोंड पाडून.

“आपली अगदी म्हातारी दिसते गं तिच्यापुढे.”

“पाच वर्षांत म्हातारी?” सून म्हणाली. “मग मला तर मोडीतच काढायला हवी.”

“चेष्टा नको. नवीन चार सेकंदांत शंभरचा वेग घेते.”

“आणि आपल्या कोपऱ्यावरच्या सिग्नलला सात मिनिटं उभं राहावं लागतं. तो वेळ वजा करायचा की मिळवायचा?”

काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड ठेवलं. मुलगा हट्टाला पेटला की कसा दिसतो हे त्यांना माहीत होतं. लहानपणी पतंगासाठी दोन दिवस जेवला नव्हता. आता पन्नाशीला आला, जेवत होता, एवढाच फरक.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. बोलायला बसला की तो स्वतःशीच वाद घालायचा. घ्यावी, न घ्यावी. जुनीत खोट नाही, पण नवीत गोष्टच वेगळी. सोसायटीत गाडी लावायला जागा एकच, म्हणजे नवी आली की जुनी जाणार. शेवटी एका रविवारी, बायकोचे भाऊ-भावजय जेवायला आले असताना, त्याने पान वाढलेलं असतानाच जाहीर केलं, “माझं काही नाही. आई म्हणेल तसं. तिने नको म्हटलं तर विषय संपला.”

भावजयीने लगेच म्हटलं, “याला म्हणतात मुलगा.”

मान मिळाला की त्याचं ओझं कुठे ठेवायचं हे कळेनासं होतं, तसं काकूंचं झालं. दुसऱ्या दिवशी सुनेने आतल्या खोलीत दार लोटून घेतलं.

“आई, फोटो बघितलाय मी. नवीचं छप्पर मागे उतरतं आहे, घसरगुंडीसारखं. खुर्ची जाईल असं वाटत नाही.”

“वाटण्यावर कापड कापू नये,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पेटीतून आपली जुनी मापाची पट्टी काढली. दोघींनी खुर्ची मिटून मोजली. लांबी, रुंदी, उंची. सुनेने तीन आकडे तळहातावर लिहिले, शाळेतल्या मुली कॉपी लिहितात तसे.

“नाही बसली तर सांगाल ना? तुम्हाला विचारलंय त्यांनी, मला नाही.”

“सांगेन की. माझाच मुलगा आहे, वाघ नाही.”

शनिवारी तिघं शोरूमला गेली. जमीन इतकी गुळगुळीत की खुर्चीची चाकं आवाजच करेनात. विक्रेता पोरगेला होता, केस चापून बसवलेले. त्याने काकूंना वाकून नमस्कार केला आणि नंतर बोलला फक्त मुलाशी. इतकी अश्वशक्ती, इतके स्पीकर, डिकी बटणाने उघडते. मुलगा ऐकताना आपोआप ताठ होत होता. सून बटणाने उघडलेल्या डिकीपाशी गेली आणि पर्समधून पट्टी काढली. विक्रेत्याला वाटलं बाईंना सामानाची काळजी आहे.

“मॅडम, दोन मोठ्या बॅगा आरामात.”

सुनेने उंची मोजली, पुन्हा मोजली, तळहात बघितला आणि काकूंकडे वळून मान हलवली. नाही.

काकूंनी वाक्य तयार ठेवलं होतं. गाडी छान आहे रे, पण माझी खुर्ची मागे मावत नाही, आणि मला गुरुवारी ताईकडे जायचं असतं. एवढंच. त्यात कुणाला टोचेल असा शब्द नव्हता. त्या तोंड उघडणार तोच मुलाने मागच्या सीटचं दार उघडलं, खुर्ची जवळ आणली आणि आईचा हात उचलून सीटवर ठेवला.

“सांग आई. कशी आहे?”

सीट पांढऱ्या चामड्याची होती. काकूंचं बोट शिवणीवर गेलं आणि पुढे आपणहून चालू लागलं. दुहेरी शिलाई, दोन्ही रांगांत तसूभर फरक नाही. वळणावर, जिथे भलाभला कारागीर चुण्या पाडतो, तिथे एक चुणी नाही. जिथे दोरा संपला तिथली गाठ कुठे लपवली ते त्यांना सापडेना, आणि न सापडण्याचा आनंद त्यांना होऊ लागला. सव्वीस वर्षं ज्या वळणावर त्यांनी डोळे फोडले होते, ते कुणीतरी असं सहज घेतलं होतं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. कामाबद्दल त्या कधी खोटं बोलल्याच नव्हत्या.

“काम चोख आहे,” त्या म्हणाल्या.

मुलाने हात सोडला आणि विक्रेत्याकडे वळला. “झालं. आईचा होकार आला.”

“अरे, मी शिवणीचं...”

पण तोवर विक्रेत्याने टाळी वाजवली होती आणि कुणीतरी सरबत आणलं होतं. सुनेने पट्टी गुंडाळली. काकूंनी थोड्या वेळाने मुलाच्या बाहीला धरून म्हटलं, “आणि माझी खुर्ची रे?”

“अगं, टॅक्सी आहे ना! बोट लावलं की दारात. तुला काय कमी पडू देईन का मी?”

पंधरा दिवसांनी गाडी आली. काकूंना खाली नेलं, दोघांनी उचलून पांढऱ्या सीटवर बसवलं. मुलाने शेजारी वाकून फोटो काढून घेतला, मग त्यांना उचलून परत खुर्चीत ठेवलं आणि गाडी एक फेरी मारायला निघून गेली. फोटो सगळ्या नातेवाइकांना गेला. काकूंनी नशीब काढलं, असं जो तो लिहू लागला.

पहिल्या गुरुवारी टॅक्सी दारात आली. डिकी उघडली तर आत गॅसची टाकी, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत.

“खुर्ची कुठे ठेवू बाई? डोक्यावर? सीट फाटेल.” टॅक्सीवाला म्हणाला. तो वाईट नव्हता. दुसरी बोलवा म्हणाला. दुसरीतही टाकी होती. तिसऱ्याने खुर्ची बघूनच काच वर केली. पुढच्या गुरुवारी मोठी टॅक्सी ठरवली, ती आलीच नाही. सुनेने नव्या गाडीची चावी मागितली तर मुलगा म्हणाला, “तुझ्या हातची नाही ही. पाय नुसता ठेवलास तर उडेल.” मग तुम्ही न्या, म्हटलं तर गुरुवारी त्याच्या बैठका. शेवटी एका रविवारी तो मोकळा सापडला, तेव्हा काकूंनी स्वतःच विषय काढला.

“खुर्ची मागच्या सीटवर आडवी राहील रे. मी बाजूला बसेन अंग चोरून.”

“पांढरं चामडं आहे, आई. चाकांची घाण लागेल.”

“मग मी कव्हर शिवून देते की. एका दिवसाचं काम. मशीन आहे अजून.”

मुलगा मनापासून हसला. “अगं, अशा सीटवर कव्हर घालत नाहीत.”

कव्हरांवर वाढलेला मुलगा. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की दोन दिवस उपाशी राहिला तेव्हा पतंग द्यायला नको होता.

सहावा गुरुवारही गेला. सुनेने आश्रमात फोन लावला आणि सेविकेला म्हणाली, निदान फोटो तरी दाखवा ताईंना. गाडीतलाच होता, तोच पाठवला. अर्ध्या तासाने सेविकेचा फोन आला. सुनेने तो काकूंच्या कानाला लावला.

“दाखवला हो आजी. बघितला त्यांनी. म्हणाल्या, कोण या? मोठ्या घरच्या दिसतात.”

“फोटोतलं बोट दाखव त्यांना. नख.”

“हात तुमचा पदराखाली आहे फोटोत. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला बराच वेळ. मग फोन मला परत दिला.”

“काही म्हणाल्या?”

“नाही. आता बोलत नाहीत त्या. गेला महिनाभर नाहीच.”

काकूंनी फोन सुनेला दिला. बाहेरच्या खोलीत मुलगा कुणाला तरी सांगत होता, “माझं मन होईना रे. पण आईने सीटला हात लावला आणि म्हणाली, हीच घे. आता आईचा शब्द कसा मोडणार?”

सून ताडकन उठली. काकूंनी तिचा हात धरला.

“बस. त्याला काय सांगणार तू?”

“तुम्ही तसं म्हणाला नव्हता म्हणून.”

“मी काम चोख म्हटलं,” काकू म्हणाल्या. डाव्या हाताचा अंगठा त्या उजव्या नखाच्या भेगेवरून फिरवत होत्या. “ते होतंच.”